नळ नव्हता, मत होतं



बोलायला उभं राहिलं की आधी हजेरी घ्यायची, ही फौजेतली सवय अजून गेलेली नाही. म्हणून सुरुवातीलाच विचारतो. आपल्या खासदाराचं नाव किती जणांना माहीत आहे? हात वर करा. छान, जवळजवळ सगळेच. आमदाराचं? थोडे कमी झाले. आता आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाचं?

सात-आठ हात. असू द्या, लाजण्यासारखं काही नाही. मी निवृत्त झालो २०१३ साली, कर्नल म्हणून. मुलगी बेंगळुरूत नोकरीला, म्हणून आम्ही दोघं तिकडेच स्थायिक झालो. तिथं सात वर्षं राहूनही मला माझ्या नगरसेवकाचं नाव माहीत नव्हतं. पुढे ते विचारायची सोयच राहिली नाही, कारण सप्टेंबर २०२० मध्ये बेंगळुरू महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं तिथं निवडणूक झाली नाही. १९८ वॉर्ड होते, १९८ नगरसेवक होते. मुदत संपल्यावर एकही उरला नाही. खरं सांगतो, नगरसेवक नाहीत हे माझ्या लक्षात यायलाच मला साडेतीन वर्षं लागली. कसं लक्षात आलं, तेच आज सांगणार आहे.

त्यासाठी आधी तुम्हाला गोरेगावला न्यावं लागेल. मुंबईच्या गोरेगावला, १९६० च्या दशकातल्या.

माझा जन्म १९५९ चा. वडील कारकून, आम्ही तीन भावंडं, दीड खोलीचं बिऱ्हाड. आज गोरेगाव म्हटलं की तुम्हाला मॉल आणि मेट्रो आठवेल. तेव्हा तिथं भातखाचरं होती, तबेले होते, चाळी होत्या आणि त्यांच्या मागं दर वर्षी वाढत जाणाऱ्या झोपड्या होत्या. १९५७ साली गोरेगाव बृहन्मुंबईत आलं. त्याआधी तिथं ग्रामपंचायत होती. म्हणजे कागदावर आम्ही मुंबईकर झालो, पण मुंबईचं पाणी काही लगेच आमच्यापर्यंत आलं नाही. गंमत बघा, मुंबई शहरासाठी १८६० साली बांधलेला विहार तलाव गोरेगावच्या पूर्वेच्या डोंगरातच आहे. पाणी आमच्या उशाशी, पण जायचं दुसऱ्यांच्या घशाला.

आमच्या चाळीत सहा बिऱ्हाडांत एक नळ. तो पहाटे केव्हातरी यायचा, तासाभरात जायचा. आई तीन वाजता उठायची. नळाला पाणी नसलं की शेजारच्या एका बंगल्याच्या आवारात विहीर होती, तिथं जायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तांब्याचा हंडा, त्यावर कळशी, आणि मागं पोहरा घेऊन मी. एका उन्हाळ्यात त्या विहिरीच्या दाराला कुलूप लागलं. पाटी लावली होती, बाहेरच्यांनी पाणी भरू नये. त्यांचंही चूक नव्हतं हो. विहीर आटत चालली होती. पण आई दारासमोर हंडा घेऊन उभी आहे आणि मी तिला पाटी वाचून दाखवतोय, हे मला अजून दिसतं. मी नुकताच वाचायला शिकलो होतो. जोडाक्षरं असलेली पाटी वाचता आली याचाच मला आनंद झाला होता.

याच गोरेगावातून १९६१ साली मुंबई महापालिकेवर एक बाई निवडून गेल्या होत्या. मृणाल गोरे.

त्यांचं पुढचं आयुष्य तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. १९७२ ला त्या आमदार झाल्या. त्याच सुमाराला अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या बायकांना बरोबर घेऊन त्यांनी महागाईविरुद्ध लाटणं-थाळी मोर्चे काढले. आणीबाणीत भूमिगत राहिल्या, तुरुंगात गेल्या. १९७७ ला लोकसभेवर निवडून आल्या. तेव्हा मुंबईत लोक म्हणायचे, पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात. पुन्हा विधानसभेत आल्यावर त्यांनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध विधेयक मांडलं, आणि १९८८ साली महाराष्ट्रात तसा कायदा झाला, देशातला पहिला. दिंडोशीला नागरी निवारा परिषदेच्या कामातून हजारो कुटुंबांना हक्काची घरं मिळाली. २०१२ साली त्या गेल्या. आज गोरेगावातल्या एका उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे.

पण मला आज आमदार, खासदार मृणालताईंबद्दल बोलायचं नाही. 'पाणीवाली बाई' ही पदवी त्यांना दिल्लीनं दिली नाही. ती मिळाली नगरसेविकेच्या कामातून, नळाच्या रांगेतून. तिथंच मला थांबायचं आहे.

बघा, त्या मूळच्या डॉक्टर व्हायला निघालेल्या. वैद्यकीय शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या आणि समाजवादी पक्षाच्या कामात आल्या. १९४८ साली केशव गोरे यांच्याशी लग्न झालं. दोघंही गोरेगावात कामाला लागले. ग्रामपंचायत, महिला मंडळ, कुटुंबनियोजनाचा प्रचार, म्हणजे ज्याची बातमी होत नाही असं सगळं. १९५८ साली केशव गोरे गेले. मृणालताई तेव्हा तिशीत, पदरात लहान मुलगी. तीन वर्षांनी त्या महापालिकेच्या सभागृहात होत्या.

आता फौजी माणसाच्या नजरेतून सांगतो. आमच्याकडे कमांडिंग ऑफिसर म्हणाला, उद्या सकाळी सहा वाजता इथं पाण्याची टाकी पाहिजे, की साडेपाचला टाकी उभी असते. नगरसेवकाचं तसं नसतं. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. त्यात अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे. नगरसेवक एका लाइनमनलाही हुकूम देऊ शकत नाही. त्याच्या हाताखाली एक माणूस नाही, एक पाना नाही. मग त्याच्याकडे असतं काय? सभागृहात प्रश्न विचारायचा हक्क. अंदाजपत्रकावर बोलायचा आणि मत द्यायचा हक्क. समितीत बसून, हा खर्च का आणि तो का नाही, हे विचारायचा हक्क. म्हणजे सगळा कारभार तोंडाचा आणि कागदाचा.

अशा तोंडी अधिकारातून नळ कसा काढायचा? मृणालताईंच्या कामाची पद्धत मला आईकडून कळली, कारण आई त्या हंडा मोर्चांना जायची. पहिली गोष्ट म्हणजे मोजणी. कुठल्या वस्तीत किती घरं, किती नळ, पाणी किती वाजता येतं, किती मिनिटं टिकतं. आई चौथीपर्यंत शिकलेली, पण आमच्या चाळीचा हा हिशोब तिला तोंडपाठ होता, कारण तो तिला कुणीतरी पुन्हा पुन्हा विचारला होता. दुसरी गोष्ट, तो हिशोब सभागृहात मांडायचा. तिसरी, तिथं ऐकलं नाही तर बायकांना घेऊन दारात जायचं, रिकामे हंडे घेऊन. आणि चौथी गोष्ट आईच्या बोलण्यात सगळ्यात जास्त यायची. नळ बसला की काम संपलं असं नाही. त्या नळाला पाणी येतं का, हे बघायला परत यायचं.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण त्या काळी झोपडीला नळ मागणं म्हणजे काय, ते लक्षात घ्या. झोपडी अनधिकृत. अनधिकृत झोपडीला अधिकृत नळ दिला तर ती कायम होईल, म्हणून द्यायचा नाही. हा युक्तिवाद सरकारी होताच, पण पक्क्या घरात राहणाऱ्या करदात्यांचाही होता. मृणालताईंची भूमिका उलट होती. जमिनीचा वाद जमिनीच्या जागी, पण तहान माणसाला लागते, प्लॉटला नाही. हे माझे शब्द आहेत, त्यांचे नव्हेत. पण त्यांच्या कामाचा अर्थ मला असाच समजला. हा प्रश्न इतका चिवट, की २०१४ च्या डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाला पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगावं लागलं की झोपडी बेकायदा असली तरी तिथल्या माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पन्नास वर्षं गेली मध्ये.

मग झोपडपट्टीतल्या बाईचं ऐकायला भाग पाडणारी अशी कोणती गोष्ट होती तिच्याकडे? जमीन नाही, पैसा नाही, ओळख नाही. एकच गोष्ट होती. १९४८ पासून मुंबई महापालिकेत प्रौढ मताधिकार आला होता. त्याआधी कर भरणाऱ्यांना वगैरेच मत होतं. १९४८ नंतर बंगल्याच्या मालकाला एक मत आणि विहिरीच्या दारात थांबलेल्या बाईलाही एक मत. तिच्याकडे नळ नव्हता, मत होतं. आणि तिच्या मतावर निवडून आलेली बाई सभागृहात उभी राहून बोलत होती.

आमच्या चाळीला दुसरा नळ मिळाला, मी शाळेत असतानाच. कुठल्या ठरावानं, कुठल्या अर्जानं, ते मला माहीत नाही. मृणालताईंना मी लहानपणी दोन-तीनदा सभेत पाहिलं असेल, सुती साडीतली, पायी फिरणारी बाई. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही. मला विमानं आणि रणगाडे आवडायचे. पदवी घेतली, परीक्षा दिली, डेहराडूनला गेलो आणि १९८२ साली इन्फंट्रीत अधिकारी झालो.

डेहराडूनच्या अकादमीत चेटवुड हॉलमध्ये एक वचन कोरलेलं आहे. प्रत्येक कॅडेटला ते पाठ असतं. त्याचा आशय असा, की देशाची सुरक्षितता आधी, मग तुझ्या हाताखालच्या जवानांचं हित, आणि तुझं स्वतःचं सुख सगळ्यात शेवटी, दर वेळी. तीस वर्षं आम्ही ते पाळलं. २००२ साली ऑपरेशन पराक्रमच्या वेळी आम्ही महिनोन् महिने राजस्थानच्या वाळूत होतो. पाण्याची गाडी आली की आधी जवान, मग सुभेदारसाहेब वगैरे जेसीओ, मग अधिकारी. त्यात कुणी फार मोठं काही करतोय असं वाटत नव्हतं. तो रिवाजच होता.

आता बेंगळुरूला येतो. २०१५ साली तिथं महापालिकेची निवडणूक होती. आमच्या भागातली काही मंडळी घरी आली. म्हणाली, कर्नलसाहेब, तुम्ही उभे राहा. माझी भाषा मराठी, कन्नड मोडकंतोडकं, पण त्यांना ते चालणार होतं. मी हसून चहा पाजला आणि म्हणालो, "आम्ही फौजी माणसं. ही गटारं-नाल्यांची राजकारणं आम्हाला जमायची नाहीत." मंडळी उठून गेली. बायको म्हणाली, "बरं झालं, नसती ब्याद." मलाही बरं वाटलं. नगरसेवक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं यायचे ते चौकातले फलक, वाढदिवसाच्या शुभेच्छा, कंत्राटं आणि टक्केवारी. ते सगळं असतं, नाही असं मी म्हणणार नाही. पण माझ्याच गोरेगावात मी दुसरं काय पाहिलं होतं, ते मला त्या दिवशी आठवलं नाही.

मग आला मार्च २०२४. बेंगळुरूचं त्या वर्षीचं पाणीसंकट तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. शहराच्या जवळपास निम्म्या सरकारी बोअरवेल कोरड्या पडल्याचं सांगितलं जात होतं. २००७ साली शहरात घेतलेली ११० गावं सर्वांत बेजार, कारण तिथवर कावेरीचं पाणी पोचलेलं नव्हतं. टँकरचे भाव इतके चढले की प्रशासनाला दर ठरवून द्यावे लागले. पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर ५००० रुपये दंड.

आमची सोसायटी याच पट्ट्यात. १४० फ्लॅट. आणि त्या वर्षी सोसायटीचा अध्यक्ष मीच होतो. आमचे टँकर ठरलेले होते, महाग पडत होते, पण येत होते. घरकाम करणाऱ्या बायका, सुरक्षारक्षक, माळी हे लोक संध्याकाळी जाताना तळमजल्याच्या नळावर डबे भरून घरी न्यायचे. सभेत यावर तक्रार झाली. पाणी आपण विकत घेतो, ते बाहेर का जावं? मी शिस्तीचा माणूस. ठराव मीच लिहिला, नोटीसही मीच लिहिली, इंग्रजीत, आणि खाली कन्नड भाषांतर. नळाशेजारी चिकटवली.

आमच्याकडे काम करणाऱ्या बाई बिदर जिल्ह्यातल्या, भालकीकडच्या. तिकडे मराठी घराघरांत बोलतात. त्यामुळे आमच्याशी त्या मराठीतच बोलायच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. दुसऱ्या दिवशी मी खाली फिरायला निघालो, तर मावशी नळाशी उभ्या. हातात पाच-पाच लिटरचे दोन डबे, तेलाचे रिकामे. मला बघून म्हणाल्या, "साहेब, हे काय लिवलंय तेवढं वाचून दावा की."

त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि कन्नड बोलता यायचं, वाचता येत नव्हतं. मी वाचायला लागलो. मनातल्या मनात मराठी केलं आणि मोठ्यानं म्हणालो, "बाहेरच्यांनी पाणी भरू नये."

मंडळी, ही पाटी मी आयुष्यात दुसऱ्यांदा वाचून दाखवत होतो. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि पाटी दुसऱ्यानं लिहिली होती. या वेळी लिहिणाराही मीच.

मावशी भांडल्या नाहीत. "बरं" म्हणाल्या आणि दोन्ही डबे एका हातात घेऊन फाटकाबाहेर गेल्या. मी नोटीस तिथल्या तिथं फाडली. पण त्यानं फक्त आमच्या नळाचा प्रश्न सुटला. मावशींच्या घरी पाणी का नाही, हा प्रश्न तसाच होता.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर त्यांच्या वस्तीत गेलो. आमच्या मागच्या भिंतीपासून चालत सात मिनिटं. सात वर्षांत, अकरा वर्षांत म्हणा, मी तिथं पाऊल टाकलं नव्हतं. पत्र्याच्या ६४ खोल्या. कलबुर्गी, रायचूर, बिदरकडून आलेली माणसं. एक बोअरवेल, ती फेब्रुवारीतच आटलेली. टँकर आठवड्यातून कधीतरी, रात्री दोनला की तीनला, त्याचा नेम नाही. बायका पाळीपाळीनं जागायच्या. माझी आईही तीन वाजताच उठायची.

मी म्हटलं, नगरसेवकाकडे जाऊ. मावशींचा मुलगा हसला. म्हणाला, "काका, नगरसेवक कुठं हाय आता?" तेव्हा मला कळलं. साडेतीन वर्षं माझ्या शहराला सभागृह नव्हतं आणि मला त्याची झळ लागली नव्हती, कारण माझी कामं फोनवर होत होती. माझा टँकर मला विकत घेता येत होता. नगरसेवकाची गरज मला नव्हतीच. ती या ६४ खोल्यांना होती.

एका कार्यालयात गेलो. निवृत्त कर्नल म्हटल्यावर खुर्ची दिली, चहा आला. साहेब सज्जन होते. त्यांनी यादी काढली, चाळली आणि म्हणाले, ही वस्ती आमच्या यादीत नाही. म्हणजे ६४ खोल्या, तीनशेच्या वर माणसं, पण यादीत नाहीत. त्यांच्याकडे असे दोन-तीन वॉर्ड होते आणि माणसं अपुरी. त्यांना दोष देऊन मी काय मिळवणार होतो?

मग मी आईची पद्धत वापरली. मोजणी. सोसायटीतली कॉलेजची चार मुलं बरोबर घेतली, एक लांब वही घेतली. खोली क्रमांक, माणसं किती, लहान मुलं किती, कालचं पाणी किती डबे, कुठून आणलं, काय भावानं. तीन आठवडे रोज. एक गोष्ट त्यातून अशी निघाली की आम्ही सोसायटीत पाण्याला जो दर देत होतो, त्यापेक्षा ही माणसं डब्यामागं जास्त देत होती. वहीच्या झेरॉक्स जोडून अर्ज दिला. पुन्हा गेलो. पुन्हा गेलो. सातव्या फेरीला दोन काळ्या प्लॅस्टिकच्या टाक्या वस्तीच्या तोंडाशी आल्या आणि एक दिवसाआड भरल्या जाऊ लागल्या. दिवसा, सकाळी नऊ वाजता.

त्या दिवशी वस्तीत मला नारळ दिला. फेटा बांधायचंही चाललं होतं, मी नको म्हटलं. लोक म्हणाले, कर्नलसाहेबांनी पाणी आणलं. छाती फुगली, खोटं कशाला बोलू?

पण रात्री घरी आल्यावर मला एक गोष्ट टोचायला लागली. ती अजून टोचते, आणि तीच सांगायला मी आज इथं आलो आहे. मला त्या लोकांनी निवडलेलं नव्हतं. मी गेलो तो माझ्या मर्जीनं. उद्या मला कंटाळा आला, मी आजारी पडलो, मुलीकडे अमेरिकेला सहा महिने गेलो, तर ते मला जाब विचारू शकत नाहीत. मला काढून दुसरा आणू शकत नाहीत. आणि झालंही तसंच. जूनमध्ये पाऊस आला, मी माझ्या उद्योगाला लागलो. ऑक्टोबरमध्ये कावेरीच्या पाचव्या टप्प्याचं उद्घाटन झालं, पेपरात वाचलं, वाटलं आता सगळं मार्गी लागेल. डिसेंबरमध्ये मावशींनी सहज सांगितलं की दोनांपैकी एक टाकी दिवाळीपासून तडकलेली आहे. मी म्हटलं, "मग मला सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "साहेब, तुमास्नी किती येळा सांगायचं?"

हा संकोच म्हणजेच उपकार आणि हक्क यांच्यातलं अंतर. माझी आई मृणालताईंच्या मोर्चाला जाताना संकोचत नव्हती. नळाला पाणी आलं नाही की ती तरातरा जाऊन सांगायची, कारण तिनं मत दिलं होतं. तिला ते काम हक्कानं सांगता येत होतं. मावशींना माझ्याकडे मागावं लागत होतं. मी कितीही भला माणूस असलो तरी मी त्यांचा नगरसेवक नव्हतो. पाणीवाल्या बाईच्या कामात त्यांची तळमळ होतीच, पण त्या तळमळीला सभागृहात एक खुर्ची होती, आणि ती खुर्ची काढून घ्यायचा अधिकार माझ्या आईसारख्या बायकांच्या हातात होता. तळमळ माणसाबरोबर जाते, खुर्ची राहते. ती भरलेली असली पाहिजे.

आणि हे फक्त बेंगळुरूचं नाही. चेन्नईत २०१६ पासून २०२२ पर्यंत महापालिकेची निवडणूक झाली नव्हती. मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं तिथं प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. कुठं वॉर्डांची फेररचना, कुठं आरक्षण, कुठं न्यायालयातली तारीख. प्रत्येक कारण वेगळं आणि प्रत्येकात थोडंफार तथ्य. पण ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. तिच्यातलं २४३-यू हे कलम सांगतं, मुदत पाच वर्षं, आणि ती संपण्याआधी निवडणूक. संसदेची निवडणूक एक महिना पुढं गेली तर आपण रस्त्यावर येऊ. नगरपालिकेची चार वर्षं पुढं जाते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. कारण ज्यांना झळ लागते त्यांचा आवाज आपल्यापर्यंत येत नाही, आणि ज्यांचा आवाज आहे त्यांना झळ लागत नाही.

आता शेवटचं. टाकी दुरुस्त झाली. तिची चौकशी करायचं काम मी आता वस्तीतल्याच दोन बायकांकडे दिलं आहे, नाव, फोन, वही सगळं. मी सोबत असतो. आणि दुसरं एक काम काढलं आहे. त्या ६४ खोल्यांत मतदार यादीत बेंगळुरूचा पत्ता असलेली माणसं किती? आम्ही मोजली. अकरा. बाकी सगळ्यांची नावं गावाकडं. निवडणूक उद्या लागली तरी त्या वस्तीला मतच नाही. मग त्यांच्या दारात कोण कशाला येईल? म्हणून आम्ही पत्ता बदलाचे फॉर्म ८ भरतो आहोत. रविवारी सकाळी, मावशींच्या दारात, त्याच लांब वहीवर.

सोपं नाही ते. मावशी स्वतः अजून तयार नाहीत. म्हणतात, "गावचं नाव काडलं तर गाव आमचं ऱ्हाईल का?" मत एकाच जागी देता येतं. घर तिकडं, पोट इकडं. मला त्यांना 'हेच करा' असं सांगायचा अधिकार नाही. मी म्हटलं, "मावशी, विचार करा, फॉर्म ठेवतो." फॉर्म त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आहे. बघू.

आई २००९ साली गेली. तिचा तांब्याचा हंडा माझ्याकडे आहे. बायकोनं तो छान घासून दिवाणखान्यात ठेवला होता, सुकी फुलं घालून. येणारेजाणारे विचारायचे, अँटिक आहे का? परवा मी फुलं काढली. नाटक म्हणून नाही, पण त्याच्या तळाशी एक पोचा आहे, तो बघायचा होता. एका मोर्चात गर्दीत हंडा पडला, तेव्हाचा तो पोचा. आई कौतुकानं दाखवायची.

मी ६५ पार केली आहेत. आता मी निवडणुकीला उभा राहणार नाही. २०१५ साली घरी आलेल्या मंडळींना चहा पाजून परत पाठवलं, ती वेळ गेली. तुमच्यातल्या कुणाकडे उद्या कुणी असं आलं, तर लगेच हसू नका एवढंच सांगतो. आणि कुणी नाही आलं, तरी घरी जाऊन आपला वॉर्ड कोणता, नगरसेवक कोण, आणि नसेल तर केव्हापासून नाही, हे शोधून काढा. मग तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईंना विचारा, पाणी किती वाजता येतं?

जय हिंद.